सशाचे औषधपाणी

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरी मध्यमवर्गीय घरांत ज्या नव्या गोष्टी शिरल्या, त्यांत ससाही आहे. कुत्रा पाळायचा तर त्याला दोन वेळा फिरवून आणावे लागते, तो भुंकतो आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत त्याच्यावरून भांडणे लागतात. पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. मांजर आपल्या मर्जीने येते आणि जाते. मग उरतो ससा. तो दिसायला गोजिरवाणा, खाणे बेताचे, आवाज तर मुळीच नाही. वाढदिवसाला मुलाने हट्ट धरला की बाबा रविवारी बाजारात जातात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून सशांची जोडी घेऊन येतात. विक्रेता सांगतो, "काही त्रास नाही साहेब. गाजर टाका, पाला टाका, झालं."

या 'काही त्रास नाही'ची थोडी चिकित्सा केली पाहिजे. सशाला त्रास होतो, पण तो सांगत नाही. दुसऱ्याचे भक्ष्य होण्यासाठीच जन्माला आलेला हा प्राणी आहे. रानात जो दुखणे दाखवतो तो आधी मारला जातो. त्यामुळे आजारपण लपवणे ही त्याची हजारो वर्षांची सवय आहे. घरच्यांच्या लक्षात येते तेव्हा निम्मा वेळ निघून गेलेला असतो. उरलेला निम्मा वेळ डॉक्टर शोधण्यात जातो आणि डॉक्टर सापडेपर्यंत घरातले औषधांचे कपाट उघडले गेलेले असते. खरा धोका या कपाटात आहे.

माणसांना सरकारी दवाखान्यात धड औषध मिळत नाही, तिथे सशाचे काय घेऊन बसलात, असे कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण औषध नावाच्या वस्तूशी आपण समाज म्हणून कसे वागतो, ते सशाच्या निमित्ताने जितके स्वच्छ दिसते तितके एरवी दिसत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या गोष्टींतला ससा, म्हणजे कासवाशी शर्यत लावणारा किंवा पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा, हा रानससा. माळावर, उसाच्या कडेला दिसतो तो हाच. त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. तो घरात ठेवता येत नाही. खोक्यातून घरी येतो तो ससा वेगळ्या जातीचा आहे. त्याचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे. तो बिळे करून कळपाने राहणारा. मराठीत दोघांना एकच शब्द असल्यामुळे आपल्याला तो ओळखीचा वाटतो, एवढेच. गाय, बैल, शेळी यांच्या दुखण्यांचे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या साठत आले. बैलाचे पोट फुगले तर काय करायचे, हे सांगणारा एखादा जाणता म्हातारा प्रत्येक गावात असे. या युरोपीय सशाबद्दल आपल्याकडे आजीबाईचा बटवाच नाही. ही पोकळी आपण दोन गोष्टींनी भरतो : लहान मुलाचे औषध आणि कुत्र्याचे औषध. मात्रा तेवढी कमी करायची, की झाले.

हे का चालत नाही, ते कळायला सशाच्या पोटात डोकावले पाहिजे. गाय चार कप्प्यांच्या पोटात गवत आंबवते आणि रवंथ करते. ससाही गवत आंबवतो, पण मागच्या बाजूला. त्याच्या लहान आणि मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर एक भलीमोठी पिशवी असते. त्या पिशवीत असंख्य उपयोगी जीवाणू नांदत असतात आणि तेच त्याचे अन्न शिजवतात. तिथे तयार झालेला मऊ, ओलसर गोळ्यांचा घोस ससा स्वतःच पुन्हा खातो. पाहणाऱ्याला किळस येते, काही जण त्याला मारतात, पण हे त्याचे दुसरे जेवण आहे. त्यातून त्याला प्रथिने आणि जीवनसत्त्वे मिळतात. आपण झाडून काढतो त्या कोरड्या गोल लेंड्या वेगळ्या.

हा कारखाना बंद पडून चालत नाही. तो चालू ठेवायला लागते वाळलेले गवत, तेही दिवसभर. आहाराचा सुमारे ऐंशी टक्के भाग गवत असावा, असे जाणकार सांगतात. आपल्याकडे मात्र सशाला मिळते गाजर, पोळीचा तुकडा, दूध-भात आणि मुलाच्या हातचे बिस्किट. गाजरात साखर फार. ते चवीपुरते द्यायचे. पोळी आणि बिस्किटे तर त्याच्यासाठी नव्हेतच. लसूणघास कोवळ्या पिल्लांना चालतो, मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियममुळे लघवीत गाळ साठतो, खडे होतात. शोभेला मात्र गवताऐवजी खाली भुश्शाची गादी असते.

तंतू कमी पडले, भीती बसली, उकाडा झाला किंवा कुठे दुखू लागले, की आतडी मंदावतात. ससा खाणे सोडतो, म्हणून आतडी आणखी मंदावतात. लेंड्या आधी लहान होतात, मग बंद. ससा कोपऱ्यात अंग आवळून बसतो, दात करकरा चावतो. त्याला उलटी करता येत नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाही. दहा-बारा तास काहीही न खाल्लेला ससा ही तातडीची केस असते. आपल्याकडे मात्र हे तास 'आज जरा सुस्त आहे' म्हणण्यात आणि ग्राइप वॉटर देण्यात जातात. उपचार अवघड नाहीत : सलाईन, वेदनाशामक, दळलेल्या गवताची पेज सिरिंजने भरवणे आणि आतड्यात काही अडकलेले नाही याची खात्री झाल्यावर त्यांना चालना देणारे औषध. पण ते वेळेत व्हावे लागतात.

दातांचेही तसेच. सशाचे अठ्ठावीसही दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला दोन-अडीच मिलिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर. रेताड, चिवट गवत चावून ते झिजतात. मऊ खाण्यावर ठेवलेल्या सशाचे दात झिजत नाहीत. दाढांना टोके येऊन ती जिभेत आणि गालात रुततात. लाळ गळते, हनुवटी ओली राहते, डोळ्यांतून पाणी येते. घरचे डोळ्यांत थेंब घालत बसतात आणि दुखणे असते दाढेत.

आता औषधांकडे वळू. आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारे अँटिबायोटिक म्हणजे अमॉक्सिसिलिन. घरात लहान मूल असेल तर त्याची अर्धी बाटली फ्रिजच्या दारात असतेच. ससा शिंकू लागला, नाक वाहू लागले, की या बाटलीची आठवण होते. मुलाला पाच मिली, मग सशाला अर्धा मिली, असा हिशोब होतो. हे औषध तोंडावाटे पोटात गेले की सशाच्या त्या पिशवीतले उपयोगी जीवाणू मरतात. त्यांची जागा क्लॉस्ट्रिडियम जातीचे विषारी जीवाणू घेतात. जुलाब लागतात आणि काही दिवसांत ससा जातो. पेनिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन हीही तोंडावाटे द्यायची नाहीत, असे पशुवैद्यकाची पुस्तके बजावून सांगतात. गंमत अशी की तेच पेनिसिलिन इंजेक्शनने कातडीखाली देऊन जाणकार डॉक्टर सशाचे काही आजार बरे करतात. औषध तेच, प्राणीही तोच. वाट बदलली की परिणाम बदलला. मग मात्रा कमी केली म्हणून ते निर्धोक होईल, हा समज कुठे राहिला?

दुसरे उदाहरण गोचिडांच्या औषधाचे. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या थेंबांत फिप्रोनिल असते. कुत्र्याला ते चालते. सशाला त्याने झटके येतात, मृत्यूही येतो. सशाला खरूज होते तेव्हा कानांच्या कडा, नाक आणि पंजे यांवर पांढरट खपल्या धरतात. दुकानदार 'हेच लावा' म्हणून नेमकी ही कुपी हातात ठेवतो. खरजेवर आयव्हरमेक्टिनसारखी प्रभावी औषधे आहेत. पण ती वजनाप्रमाणे आणि ठरावीक दिवसांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागतात. पहिल्या खेपेनंतर खपल्या पडल्या, की घरचे दुसरी खेप विसरतात आणि महिन्याभरात खरूज परत येते. तेल चोपडणे किंवा आंघोळ घालणे हे तर टाळलेलेच बरे. तेल ससा चाटून पोटात घेतो आणि आंघोळीच्या भीतीने व गारठ्याने दगावूही शकतो.

एकाच्या औषधाने दुसऱ्याचा जीव जातो, याची सर्वांत मोठी शिकवण आपल्या देशाने गिधाडांच्या रूपाने घेतली आहे. डायक्लोफेनॅक हे माणसाच्या सांधेदुखीवरचे साधे औषध. ते गाई-म्हशींना टोचले जाऊ लागले. जनावरांचा ताप उतरला, दुखणे थांबले, कुणाचे काही बिघडले नाही. पण असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण उलगडले २००४ साली. २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच होत्या, म्हणून २०१५ साली त्या बाटल्यांचा आकार एका मात्रेपुरता करावा लागला. २०२३ साली केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांच्यावरही जनावरांपुरती बंदी आली. गिधाडांना निर्धोक म्हणून पुढे आलेले औषध मेलॉक्सिकॅम. आणि हेच मेलॉक्सिकॅम आज सशाच्या दुखण्यावर जगभरचे डॉक्टर वापरतात. पण सशाची मात्रा वेगळी. तीही कुत्र्याच्या पुस्तकातून काढायची नसते.

या गोंधळामागे केवळ अज्ञान आहे असे मला वाटत नाही. त्यामागे एक हिशोब आहे आणि तो मी जवळून पाहिला आहे. बँकेत असताना काही वर्षे ग्रामीण शाखांत काढली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची ती वर्षे. म्हशीला, शेळ्यांना कर्ज मंजूर करायचे तर जनावराचा विमा लागे. विम्यासाठी पशुवैद्यकाचा दाखला आणि कानात बिल्ला लागे. जनावर दगावले तर पुन्हा पशुवैद्यकाचा दाखला आणि तो बिल्ला. बिल्ला नाही तर दावा नाही. म्हणजे ज्या जनावराला किंमत होती, त्याच्याभोवती कर्ज, विमा, दवाखाना आणि डॉक्टर अशी सगळी साखळी उभी राहिली. ते योग्यच होते. त्या म्हशीवर एक घर उभे असे.

आपले पशुवैद्यक या पायावर उभे आहे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. नागपूरला २००० साली पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाले. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे त्याची महाविद्यालये आहेत. साडेपाच वर्षांच्या अभ्यासात साहजिकच गाय-म्हैस, शेळी-मेंढी, कोंबडी यांना मोठा वाटा आणि त्यांच्यामागून कुत्रा. परळच्या ज्या दवाखान्याला मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या 'बैलघोड्याचे हॉस्पिटल' म्हणत आले, त्या नावातच सगळा इतिहास आहे. २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले, तेव्हा काळ किती बदलला ते दिसले. पण एवढ्या मोठ्या राज्यात अशी ठिकाणे किती? पुण्या-मुंबईत सशावर उपचार करणारा डॉक्टर शोधून सापडतो. सोलापूर, जळगाव, चंद्रपूर येथे रात्री नऊ वाजता सशाचे पोट बंद पडले तर काय?

सशाला हिशोबात जागाच नाही, असेही नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत तो मोजला जातो. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीचे २०१८चे नियम कुत्र्या-मांजरांबरोबर सशालाही लागू आहेत. दुकानाची नोंदणी राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे करायची असते. पण ज्या १९६०च्या कायद्याखाली हे नियम झाले, त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत आज सशाला आठवडाभराचे गवतही येत नाही.

विक्रीच्या वेळी जोडी गळ्यात मारली जाते, त्याचाही हिशोब मांडायला हवा. सशिणीचे गर्भारपण सुमारे एक महिन्याचे आणि व्याल्यावर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षभरात गच्चीवर सशांचा मळा फुलतो आणि मग 'कुणाला हवेत का?' सुरू होते. शस्त्रक्रिया करून हे थांबवता येते. शिवाय शस्त्रक्रिया न झालेल्या मादीला तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो, तोही टळतो. पण इथेही सशाचे गणित निराळे : माणसाला किंवा कुत्र्याला ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात, सशाला ठेवायचे नसते. 'रात्रीपासून काही देऊ नका' असे कुणी सवयीने सांगितले, तर तिथेच थांबून दोन प्रश्न विचारावेत.

आमच्या इमारतीतली एक सातवीतली मुलगी मला मध्यंतरी जिन्यात भेटली. हातात सिरिंज आणि चेहऱ्यावर धास्ती. "आजोबा, डॉक्टरांनी औषध दिलंय, पण हा तोंडच उघडत नाही. पालथा करून घालू का?" पालथा म्हणजे तिला उताणा म्हणायचे होते. उताणा केलेला ससा निपचित पडतो. लोकांना वाटते तो शांत झाला. खरे तर तो भीतीने थिजलेला असतो आणि औषध श्वासनलिकेत जाण्याची भीती वेगळीच. तिच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलेली रीत सगळ्यांना उपयोगी आहे. ससा जमिनीवर किंवा मांडीवर पोटावरच बसवावा. टॉवेलमध्ये अंगाभोवती गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवावे. मागचे पाय नीट धरावेत, कारण घाबरून जोराने लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. कान धरून तर कधीच उचलू नये. पुढच्या दातांमागे बाजूला रिकामी जागा असते. तिथून बिनसुईची सिरिंज आडवी घालावी, थेंब-थेंब सोडावे आणि त्याला गिळू द्यावे. ती मुलगी आठ दिवसांत तरबेज झाली.

त्या बाटलीवरचे आकडेही तिने मला वाचून दाखवले आणि इथे माझा जुना पेशा जागा झाला. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरते, आपण देतो मिलिलिटरमध्ये. पॅरासिटामॉलचेच पाहा. मुलांच्या एका सिरपमध्ये पाच मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असते, दुसऱ्यात २५०, आणि तान्ह्या बाळाच्या थेंबांत एका मिलीत १००. बाटली लहान म्हणून औषध सौम्य, असे नसते. दीड किलोच्या जिवाला दशांश चिन्ह एक घर सरकले तर दहापट औषध जाते. म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सशाचे वजन दर आठवड्याला करून वहीत लिहावे. वजन घटू लागले तर तो न बोलता काही सांगतो आहे, हेही त्या वहीतून कळते. मान एका बाजूला कलली तर 'वारे गेले' म्हणून सोडून देऊ नये. त्याचे कारण कानातला संसर्ग किंवा मेंदूतला परजीवी असू शकतो. परजीवीवर तर औषध चार-चार आठवडे द्यावे लागते. उन्हाळ्यात पारा तिशीच्या वर गेला की ससा कासावीस होतो. त्याला घाम येत नाही, कान हेच त्याचे पंखे. नागपूर-अकोल्याच्या उन्हात बाल्कनीतला पिंजरा म्हणजे भट्टी. सावली, वारा, पाणी आणि कानांवर ओला हात. बर्फाचे पाणी मात्र अंगावर ओतू नये.

या सशाचे आपल्यावर उपकार किती आहेत, याची आपल्याला कल्पना नसते. १८८५ साली लुई पाश्चरने पिसाळलेला कुत्रा चावलेल्या मुलाला वाचवले, ती लस सशांच्या पाठीच्या कण्यातील वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केली होती. सलाईनच्या बाटलीत ताप आणणारा दोष नाही ना, हे सशाला ती टोचून आणि त्याचा ताप मोजून कित्येक दशके तपासले गेले. सौंदर्यप्रसाधने त्याच्या डोळ्यांत घालून पाहिली जात. आपल्या देशाने २०१४ साली प्राण्यांवरील ती चाचणी बंद केली. माणसाची इतकी औषधे ज्याच्या अंगावरून गेली, त्याच्या स्वतःच्या दुखण्याला मात्र औषधाच्या दुकानात नाव नाही.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. ससा विकताना आहार आणि वर्ज्य औषधे यांचा एक मराठी कागद दुकानदाराने सोबत द्यावा, असे नियमातच घालता येईल. कुत्र्याच्या गोचिडनाशकावर 'सशाला लावू नये' हे मराठीत आणि ठळक छापता येईल. राज्यातले पशुवैद्यक सशासारख्या प्राण्यांसाठी चार-सहा दिवसांचे उजळणीवर्ग घेऊ शकतील आणि विद्यापीठ जिल्हावार नावांची यादी प्रसिद्ध करू शकेल. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही, हा नियम तर आहेच. २०१६ साली औषधाच्या पाकिटावरच्या तांबड्या रेघेची मोहीमही झाली. ती रेघ माणसासाठी जितकी, तितकीच सशासाठीही आहे.

आणि घरच्यांनी? ससा नीट ठेवला तर आठ-दहा वर्षे जगतो, म्हणजे तिसरीतले मूल कॉलेजात जाईपर्यंत. तो आणण्याआधी गवत कुठे मिळते आणि डॉक्टर कुठे बसतो, या दोन पत्त्यांची चौकशी करावी. दोन्ही पत्ते मिळाले तर खुशाल आणावा. एक जरी मिळाला नाही, तर मुलाला तसे स्पष्ट सांगावे. मुले समजून घेतात; पुठ्ठ्याच्या खोक्यात निपचित पडलेला ससा त्यांना समजावून सांगणे त्याहून कितीतरी कठीण असते.